हातमागाला एक न्याय आणि विणमशीनला दुसरा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विणकामावरचा लेख वाचला. सुया, लोकरीचा गुंडा, गॅलरीतलं कोवळं ऊन, आजीने नातवासाठी घातलेले टाके, सगळं फार छान उतरलं होतं. शेवटाकडे मात्र लेखिकेने एका वाक्यात मशीनवर विणलेल्या स्वेटरला बाजारच्या मालात जमा केलं, आणि हातच्या विणकामाची माया त्यात नसते असं लिहिलं. त्या वाक्यापाशी मी अडखळले. चाळीस वर्षं मी घरी मशीनवर विणते आहे. ते वाक्य मनाला लागलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी नाशिक रोडला राहते. वय ६८. आमचे हे प्रेसमध्ये होते. १९८४ साली, धाकटी दोन वर्षांची असताना, आम्ही पहिलं मशीन घेतलं. लुधियानाचं होतं, लोखंडी, जड. दोन माणसांनी उचलून जिन्यावरून वर आणलं होतं. यांच्या दोन पगारांएवढे पैसे गेले होते त्यात. त्या काळात आमच्या भागात गल्लीआड एका दारावर ‘येथे स्वेटर विणून मिळतील’ अशी पाटी असायची. शाळा सुरू झाल्या की गणवेशाच्या स्वेटरची कामं यायची आणि दिवाळीनंतर तर रात्री बारापर्यंत मशीन थांबायचं नाही. पुढे तयार स्वेटर स्वस्त झाले, शाळांनी एकाच दुकानातून घ्या म्हणून सांगायला सुरुवात केली, आणि पाट्या एकेक करून उतरल्या. माझी पाटी १९९९ साली उतरली. विणणं उतरलं नाही. तेव्हापासून मी केवळ आवडीने विणते. मस्कतहून परत आलेल्या शेजाऱ्यांकडून मी तेव्हा ब्रदर कंपनीचं केएच ८६० मशीन घेतलं होतं, त्याच्यावर आजही रोज सकाळी दोन तास बसते.

लेखातल्या त्या वाक्याने जुनी जखम उघडी केली, तीही सांगते. दोन वर्षांपूर्वी एका हस्तकला प्रदर्शनात टेबल मिळावं म्हणून मी अर्ज केला. बरोबर दोन बाळांचे स्वेटर, एक शाल आणि एक स्टोल नमुन्याला नेला होता. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने स्टोल हातात घेतला, गालाला लावून पाहिला, “किती मऊ आहे हो आजी,” म्हणाली. मग विचारलं, “सुईवरचा की क्रोशाचा?” मी म्हटलं, मशीनवरचा. तिने स्टोल नीट घडी करून माझ्या पुढ्यात ठेवला. नियम तिने केलेला नव्हता, तिचा राग मला तेव्हाही आला नाही. अर्जावर छापलंच होतं, वस्तू पूर्णपणे हाताने केलेली असावी.

मी प्रदर्शन बघायला मात्र गेले. शिवणयंत्रावर शिवलेल्या पिशव्या होत्या, गोधड्या होत्या. विजेच्या चाकावर केलेली मातीची भांडी होती. येवल्याच्या पैठण्यांचं दालन तर दारातच होतं, आणि ते तिथंच असायला हवं. पैठणी मागावर विणतात. माग म्हणजे लाकडा-लोखंडाचं यंत्रच की. तरी पैठणीला हातची कला म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. मग माझ्या मशीनला दार का बंद?

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, बटण दाबलं की स्वेटर बाहेर पडतो. म्हणून ते चालतं कसं ते सांगायला हवं. दोन-अडीच हात लांबीचा, धातूचा एक आडवा बेड असतो, टेबलाच्या कडेला शिकंजांनी आवळलेला. त्यात शेजारी शेजारी २०० सुया, दोन सुयांमध्ये साडेचार मिलिमीटर अंतर. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि त्या आकड्यावर उघडझाप करणारी इवलीशी जीभ. एकेका सुईवर एकेक टाका. वरून कॅरेज, म्हणजे मूठ असलेली आडवी सरकती पेटी, सरकवायची, ती सुयांना पुढे ढकलते आणि मागे ओढते. पुढे जाताना जुना टाका जिभेच्या मागे जातो, आकड्यात नवा धागा येतो, मागे येताना जीभ मिटते आणि जुना टाका तिच्यावरून घसरून पडतो. हातातल्या सुईवर आपण जे करतो तेच, फक्त एका ओळीत सव्वाशे वेळा. वीज कुठेही नाही. मोटर नाही. कॅरेज सरकवतो तो माझा उजवा हात, आणि हिवाळ्यात त्याचा खांदा दुखतो तोही माझाच.

आणि मशीनला काही म्हणजे काही कळत नाही. ते टाके मोजत नाही, मुंडा कुठे वळवायचा ते सांगत नाही. आधी नमुना विणायचा, ४० टाक्यांचा आणि ६० ओळींचा. तो मशीनवरून काढून रात्रभर पसरून ठेवायचा, कारण खाली लावलेल्या वजनांनी तो ताणलेला असतो, लगेच मोजला तर माप चुकतं. सकाळी पट्टी लावायची. समजा दहा सेंटिमीटरला २८ टाके आणि ४० ओळी आल्या. पाठ ४५ सेंटिमीटर रुंद हवी, तर १२६ टाके. मुंड्यापर्यंत ३८ सेंटिमीटर, तर १५२ ओळी. मुंड्याला किती टाके बंद करायचे, गळ्याला कोणत्या ओळीवर दोन भाग करायचे, बाहीला दर किती ओळींनी एक टाका वाढवायचा, हे सगळं वहीत. माझ्याकडे अशा सतरा वह्या आहेत. पहिल्या वहीत माझ्या थोरलीची छाती २१ इंच आहे. शेवटच्या वहीत तिच्या मुलाची ३४.

टाका कमी करायचा तर हत्याराने एकेक टाका उचलून शेजारच्या सुईवर ठेवायचा. बॉर्डर करायची आणि दुसरा बेड म्हणजे रिबर नसेल, तर दर तिसरा टाका मुद्दाम सोडून खालपर्यंत उसवायचा आणि जिभेच्या हत्याराने उलटा करत वर आणायचा, एकेक ओळ. अशी एक बॉर्डर करायला मला पाऊण तास लागतो. मशीनवर काय जमत नाही तेही कबूल करते. एक सुलट एक उलट करत जाणारी दाणेदार वीण एका बेडच्या मशीनवर घालायची तर प्रत्येक ओळीत निम्मे टाके हातानेच फिरवावे लागतात, तिथे दोन सुयाच बऱ्या. सुयांवर विणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. मला विणायला शिकवणाऱ्या माझ्या सासूबाई सुयांवरच विणायच्या.

त्यांची एक आठवण सांगते. सासूबाईंना हे मशीन आवडलं नव्हतं. दोन वर्षं त्या त्याच्याजवळ फिरकल्या नाहीत, त्याला “ते तुझं खटारं” म्हणायच्या. १९८६ च्या नोव्हेंबरात शेजारच्या मुलाचा मरून स्वेटर विणत होते. पाठ चालू होती, १२६ टाके, १४० ओळी झालेल्या, मुंडा बारा ओळींवर आलेला. मागे लोकरीच्या गुंड्यात गाठ अडकली आणि धागा तुटला. मला कळलं नाही. मी कॅरेज सरकवली. ज्यांनी मशीन चालवलं आहे त्यांना माहीत आहे, धागा नसताना कॅरेज गेली की आवाज बदलतो, हलका होतो. तो आवाज कानात शिरेपर्यंत उशीर झाला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या सुया रिकाम्या झाल्या आणि अख्खी पाठ वजनांसकट माझ्या मांडीवर येऊन पडली.

मी ती उचलायला गेले तर स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, “हात लावू नकोस. आधी वजनं काढ.” मी वजनं सोडवली. त्यांनी हात पुसले, खाली बसल्या, आणि न्हाऊ घातलेलं बाळ उचलावं तशी ती पाठ दोन्ही तळव्यांवर घेतली, कुठेही ताण न देता. मग बारा नंबरची सुई मागितली. आणि डाव्या बाजूने एकेक टाका सुईवर घ्यायला सुरुवात केली. सात टाके दोन-दोन, तीन-तीन ओळी खाली उसवले होते, ते क्रोशाच्या सुईने वर आणले. त्या सुईवरून उतरवून मशीनच्या सुयांवर चढवायचं काम माझं. रात्री साडेनऊला बसलो, उठलो तेव्हा एक वाजत होता. सगळे १२६ मिळाले. मी पुन्हा मोजले तर त्या म्हणाल्या, “मी मोजलेत.”

दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन मशीनच्या शेजारी पाट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, बॉर्डर माझ्याकडे दे, तुझी सैल पडते. पुढची अकरा वर्षं, डोळे जाईपर्यंत, आमच्या घरातल्या प्रत्येक स्वेटरची बॉर्डर आणि गळपट्टी त्यांनी सुयांवर केली आणि अंग मी मशीनवर विणलं. आता मला त्या लेखिकाताईंना मनापासून विचारायचं आहे, त्या स्वेटरांमध्ये माया कुठे सुरू होते आणि कुठे संपते? बॉर्डरच्या वरच्या टाक्याला?

२०१८ साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडात नॉटिंगहॅमला होते. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर जावई आम्हाला जवळच्या रडिंग्टन गावातलं विणकरांचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. १८२९ साली बांधलेल्या विणकरांच्या खोल्या आणि घरं तिथे जपून ठेवली आहेत. खोल्यांना लांबच लांब खिडक्या, का तर उजेड शेवटपर्यंत वापरता यावा. अंधार पडला की मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचे, म्हणजे उजेड एकवटून सुयांवर पडे. आत लाकडी चौकटीत बसवलेली लोखंडी मशीनं. हातांनी आणि पायांनी चालवायची, बाकावर बसून. एका वृद्ध स्वयंसेवकाने आम्हाला विणून दाखवलं. तो आवाज ऐकला आणि लेकीने माझ्याकडे पाहिलं. घरी आपल्या मशीनचा आवाज ऐकत ती झोपी जायची.

त्या मशीनचा शोध तिथूनच थोड्या अंतरावर, कॅल्व्हर्टन गावात, विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ साली लावला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या ४१ वर्षं आधी. गोष्ट अशी सांगतात की त्याने मशीन राणी एलिझाबेथला दाखवलं आणि हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल म्हणून तिने हक्क द्यायला नकार दिला. मशीन राहिलं. पुढची अडीचशे वर्षं त्या भागातली कुटुंबंच्या कुटुंबं घरात मशीन मांडून मोजे विणत राहिली. बाप मशीनवर, आई शिवण घालणार, मुलं धागा गुंडाळणार. मशीन बहुतेकांच्या मालकीचं नसे, भाड्याचं असे, आणि काम नसलं तरी भाडं चुकत नसे. १८११ साली त्याच मुलखात लोकांनी रात्री मशीनं फोडायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षी सरकारने मशीन फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. आमच्या नमुन्याच्या टाक्यामागे एवढा इतिहास असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जिभेची सुई, जी आज माझ्या मशीनमध्ये आहे, ती लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडची, १८४९ साली पेटंट घेतलेली. आणि हेही सांगायला हवं की आपल्या अंगातला बनियन, टी-शर्ट, पायातले मोजे, हे सगळं याच टाक्याने विणलेलं असतं. ताणून सोडलं की कापड परत जागेवर येतं ते त्याच्यामुळे.

त्या संग्रहालयात कोणीही त्या विणकरांना कारागीर म्हणायला कचरत नव्हतं. त्यांच्या मशीनांपेक्षा माझं मशीन नवं आहे, एवढाच फरक.

आता माझ्या मुद्द्यावर येते. आपल्या मराठीत ‘विणणे’ हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे. साडी विणतात, स्वेटरही विणतात, टोपली विणतात, खाटही विणतात. मागाचं काम वेगळं, त्यात उभे धागे आधी ताणून ठेवलेले असतात आणि आडवा धागा त्यातून जातो. आमच्या कामात एकच धागा स्वतःच्याच फाशातून स्वतः जात राहतो. दोन्हीला शब्द एक. पण मागाच्या बाबतीत मराठीने एक शहाणपण केलं. हातमाग आणि यंत्रमाग असे दोन शब्द केले. येवल्याची पैठणी हातमागाची, इचलकरंजीचं कापड यंत्रमागाचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं आणि दोघांच्या कष्टांचा मान वेगवेगळा राहतो. विणमशीनच्या बाबतीत असे दोन शब्द आपण केलेच नाहीत. लुधियाना-तिरुपूरच्या कारखान्यात विजेवर फिरणारं मशीन आणि माझ्या खिडकीपाशी माझ्या खांद्यावर चालणारं मशीन, दोन्हीला ‘मशीन’. सगळा गोंधळ इथून आहे. म्हणून मी माझ्या वस्तूंना चिठ्ठी लावते, ‘हातमशीनवर विणलेलं’. सुईवरचं म्हणून मी कधीही काही विकलेलं नाही आणि विकणार नाही. हस्तकलेची प्रदर्शनं भरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की अर्जात हा तिसरा रकाना ठेवावा. सुईवरचं, क्रोशाचं, हातमशीनवरचं. घेणाऱ्याला खरं काय ते कळेल आणि आमचीही लपवाछपवी होणार नाही.

आमचा एक छोटा गट आहे. अकरा जण. नाशिक रोड, देवळाली कॅम्प, पंचवटी, एक सिन्नरहून येतात, एक ताई इगतपुरीहून गाडीने. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे जमतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांच्या पत्नीचं मशीन होतं, त्या गेल्यावर त्यांनी स्वतः शिकून घेतलं. पत्नीने अर्धवट ठेवलेली निळी शाल त्यांनी पूर्ण केली, तिच्याच वहीतल्या आकड्यांवरून. सातवीतली एक मुलगी आहे. तिच्याकडे हँडलने फिरवायचं ४८ सुयांचं गोल मशीन आहे, प्लॅस्टिकचं, हल्ली मुलं ऑनलाइन मागवतात ते. त्याला खेळणं म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटतात. तिने त्यावर अर्ध्या तासात कानटोपी केली आणि नंतर मला विचारलं, “आजी, गोलात विणलं तर शिवण लागत नाही, पण सपाट विणायचं असेल तर?” ज्या मुलीला हा प्रश्न पडला तिला विणकाम कळायला लागलं आहे.

पुण्याचा एक इंजिनिअर मुलगा दोन-तीन महिन्यांतून एकदा येतो. त्याच्या आजीचं ब्रदरचं केएच ९१० पडून होतं, त्याची इलेक्ट्रॉनिक पाटी गेलेली. परदेशातल्या काही हौशी मंडळींनी ‘ऑल यार्न्स आर ब्युटिफुल’ नावाने, म्हणजे प्रत्येक धागा सुंदर, एक योजना सगळ्यांसाठी मोफत खुली करून ठेवली आहे. जुन्या मशीनमध्ये आर्डुइनो नावाचं छोटं सर्किट बसवायचं आणि लॅपटॉपला जोडायचं. लॅपटॉपवरचं चित्र ओळीओळीने सुयांपर्यंत पोचतं, कोणती सुई कोणता रंग घेणार ते तिथून ठरतं. कॅरेज तरी हातानेच सरकवायची. त्याने आजीच्या सहीचा मफलर विणला. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी तो गळ्यात न घालता घडी करून उशाशी ठेवला आहे असं तो सांगत होता.

माझ्या मशीनला मात्र पंचकार्डच लागतं, आणि मला तेच आवडतं. कार्डावर एका ओळीत २४ घरं. छिद्र पडलं तिथे दुसरा रंग, छिद्र नाही तिथे मूळ रंग. येवल्याच्या पैठणीवरचा मुनिया, तो छोटा हिरवा पोपट, मला २४ घरांत बसवायचा होता. आलेखाच्या कागदावर सहा वेळा काढला. पोपट बसायचा, पण चोचीपासून शेपटीपर्यंत मागच्या बाजूला धागा नऊ-नऊ टाके सुटा लोंबायचा. बाळाच्या स्वेटरात तसं चालत नाही, त्याची बोटं अडकतात. पाच टाक्यांहून लांब धागा सुटा ठेवायचा नाही हा माझा नियम आहे. शेवटी पोपटाच्या पोटात आणि पाठीमागे एकेक टिपका टाकला, पिकल्या पेरूच्या बियांसारखा, आणि धागा धरला गेला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ते कार्ड कापलं, छिद्रं पाडली. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला केशरी स्वेटरवर हिरव्या मुनियांची रांग होती. कारखान्याचा माल म्हणून या स्वेटरकडे कोणी पाहिलं तर त्या सहा कागदांचं काय करायचं मी?

डिसेंबरात निफाडचा पारा किती उतरला ते आपण रोज पहिल्या पानावर छापता. त्याच दिवसांत आमचा गट कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी टोप्या विणतो आणि ग्रामीण भागातल्या एका सरकारी दवाखान्यात पोचवतो. ८४ टाके, ६० ओळी, वरचे टाके एका धाग्यात ओवून आवळायचे, बाजूची शिवण. तीनपदरी मऊ लोकर, टोचणारी नको. मशीनवर माझी एक टोपी चाळीस मिनिटांत होते. सुयांवर विणणाऱ्या आमच्या मैत्रिणी त्याच्या पट्ट्या आणि गोंडे करून देतात. बाळाच्या डोक्यावर गेल्यावर कोणता भाग कशावर विणला ते तिथल्या नर्सताईंनी आजवर विचारलेलं नाही.

आता शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पत्र लिहिण्याचं खरं कारण म्हणाल तर हेच. गेल्या वर्षी आमच्या ओळखीत तीन मशीनं भंगारात गेली. आई गेली, घर रंगवायचं होतं, माळा रिकामा करताना लांबट जड पेटी सापडली, लोखंडाच्या भावाने किलोवर देऊन टाकली. एका घरी मी निरोप मिळताच रिक्षाने गेले, तर भंगारवाल्याची गाडी नुकतीच वळली होती. ब्रदर कंपनीने घरगुती विणमशीनं बनवणं कधीच थांबवलं. जी आहेत तीच आहेत. एका मशीनच्या सुया दुसऱ्याला जीवदान देतात, म्हणून मोडकं मशीनसुद्धा आम्हाला हवं असतं.

आणि बहुतेक वेळा ते मोडकं नसतंच. बेडच्या आत सुयांवर दाबून बसलेली एक लांब धातूची पट्टी असते, स्पंज बार म्हणतात तिला. तिच्या खालचा स्पंज वर्षानुवर्षांत चेपून पापडासारखा होतो. मग सुया वर उचलल्या जातात, कॅरेज अडकते, टाके गळतात, आणि घरातले म्हणतात मशीन बिघडलं. बिघडलेला असतो तो स्पंज. पट्टी एका बाजूने सरकवून बाहेर काढायची, जुना स्पंज खरवडायचा, दाराखिडक्यांच्या फटींना लावतात ती फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानातून आणायची, मापाने कापून चिकटवायची. शंभर रुपयांच्या आत काम होतं. जुनं वंगण कॅरेजमध्ये डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, तिथे शिलाईमशीनचं तेल सोडून दोन दिवस थांबायचं, खटके जबरदस्तीने हलवायचे नाहीत. गंजलेल्या सुया वेगळ्या करायच्या. आणि पहिल्यांदा विणताना लोकरीच्या गुंड्यावर मेणबत्ती घासून घ्यायची, धागा सुळकन जातो.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, पलंगाखाली, गावच्या घरात अशी पेटी असेल तर ती उघडून पाहावी. आत पंचकार्डं असतील, वाकड्या दातांची एक फणी असेल, लोखंडी वजनं असतील, आणि बहुतेक एक वही असेल. ती वही फेकू नये. कोणाची तरी छाती, बाही आणि गळा त्यात लिहिलेला असतो. मशीन स्वतः चालवायचं असेल तर आम्ही फुकट शिकवू. नको असेल तर आम्ही घेऊन जाऊ, भंगाराच्या भावापेक्षा जास्त देऊन. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात पत्रासोबत दिला आहे, छापू नये, पण विचारायला येणाऱ्याला जरूर द्यावा.

येत्या दुसऱ्या शनिवारी आम्ही नांदगावहून आलेलं एक मशीन दुरुस्त करणार आहोत. पट्टी काढली तर स्पंजचा भुगाच हातात आला. सुया १८७ चांगल्या निघाल्या, १३ हव्या आहेत.

आपली नम्र वाचक,
नाशिक रोड